विहिरीच्या तोंडाशी

गावाच्या मधोमध एवढी थोरली विहीर, आणि तिच्या काठाला कळशी घेतलेली एकही बाई नाही, हे मला सगळ्यात आधी खटकलं. बाकीचं हळूहळू दिसत गेलं. अर्ध्या विहिरीवर पडवीसारखं पुढे आलेलं खडकाचं छत, त्याला लोंबणारे चुनखडीचे सुळके, वरच्या झाडांनी खाली सोडलेली मुळं आणि तळाशी हिरवंकाळं पाणी. त्यात काळे मासे. काठावरून दहा-बारा वर्षांची पोरं नाक धरून मुटके मारत होती. धप्प आवाज छताला आपटून परत येत होता. त्यांच्यात एक मुलगी होती. तिने मुटका मारला नाही. हात डोक्यावर जोडून, पाय नीट जुळवून तिने सूर मारला आणि बऱ्याच वेळाने पार पलीकडे डोकं वर काढलं. मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसले.

ही सासीची विहीर. विहीर हा शब्द माझा. इथे तिला सेनोते म्हणतात. मूळ माया शब्द द्झोनोत, तो स्पॅनिश जिभेला झेपला नाही. गाव मेक्सिकोतल्या युकातानचं, वायादोलिद. माझी लेक ह्यूस्टनला असते. तिने सुट्टी काढली, मी हट्ट केला, आणि कानकूनच्या समुद्रकिनाऱ्यावर एक रात्र काढून आम्ही बसने इकडे आलो. तो किनारा मला फारसा आवडला नाही. हॉटेलांच्या मागे समुद्र शोधावा लागतो.

वायादोलिद लहान आहे, चालत उरकतं. रस्ते काटकोनात, घरं बुटकी, भिंतींना फिके गुलाबी, पिवळे, निळे रंग. चौकात पांढऱ्या जोडखुर्च्या आहेत, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळवलेल्या. दोघांनी बसायचं, तोंडं समोरासमोर आणि मध्ये हाताएवढी आड. प्रेमिकांसाठी म्हणे. आम्ही मायलेकी त्यात बसलो तर पंधरा मिनिटांत आमचं भांडण झालं. शेजारी बसलं की एकमेकींकडे बघावं लागत नाही. इथे सुटका नव्हती. मग गाडीवरून मार्केसिता आणली, कुरकुरीत गुंडाळलेली पोळी आणि आत खारट चीज, आणि भांडण मिटलं.

युकातानच्या या भागात नदी नाही. ओढासुद्धा नाही. पाऊस बऱ्यापैकी पडतो, पण जमीन चुनखडीची, सगळं पाणी पिऊन टाकते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आंबट होतं आणि दगड विरघळवत खाली उतरतं; जमिनीच्या पोटात गुहा होतात, गुहांमधून पाणी वाहतं. कधीतरी गुहेचं छत खचतं आणि वरच्या माणसाला खालचं पाणी दिसतं. तोच सेनोते. म्हणजे नद्या आहेत, पण तळघरात. गाव कुठे वसवायचं हे इथे माणसाने कधी ठरवलंच नाही. जिथे छत कोसळलं तिथे गाव.

मायांचं सासी या पाण्याभोवती होतं. नावाचा अर्थ पांढरा ससाणा असा सांगतात. स्पॅनिश आले, त्यांनी आपलं वायादोलिद आधी 1543 मध्ये दुसरीकडे वसवलं. ती जागा मानवेना, म्हणून 1545 मध्ये ते सासीवर आणून ठेवलं. मायांच्या देवळांचे दगड उपसले आणि चर्च बांधली, घरं बांधली. नाव बदललं, देव बदलला, दगडांची जागा बदलली. पाणी मात्र जागचं हलवता येईना, म्हणून जेत्यांनाही जितांच्याच विहिरीवर येऊन बसावं लागलं.

गावाच्या सिसाल भागात फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे, 1552 ते 1560 या काळात बांधलेला. सिसाल हे नावही सिस-हा, म्हणजे गार पाणी, यावरून आलेलं. मठाच्या आवारात सेनोते आहे आणि साधूंनी त्यावर दगडी घुमट आणि रहाट बसवला. मी त्या रहाटाच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली अंधार आणि तोच ओळखीचा वास: ओला दगड, शेवाळ, पारव्याची विष्ठा. डोळे मिटले असते तर मी आजोळच्या मळ्यात होते.

या विहिरीतून पाणबुड्यांनी बंदुका आणि एक तोफ वर काढली. 1847 साली इथल्या मायांनी उठाव केला. जमिनी गेल्या होत्या, कर वाढले होते, कर्जापोटी माणसं हासिएंदांवर, म्हणजे जमीनदारांच्या मळ्यांवर, जन्मभर राबत होती. मानुएल अंतोनिओ आय या माया पुढाऱ्याला त्या वर्षीच्या 26 जुलैला याच गावात देहदंड दिला, आणि पुढच्या मार्चमध्ये मायांनी गावच ताब्यात घेतलं. त्या धामधुमीत कुणी हत्यारं पाण्यात टाकली असावीत. हातचं लपवायला विहिरीइतकी चांगली जागा दुसरी कुठली? आमच्याकडे रझाकारांच्या धास्तीने दागिन्यांचे डबे विहिरीत सोडल्याच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत.

आता आमच्या विहिरीबद्दल सांगायला हवं. आजोळ लोणारपासून बैलगाडीच्या अंतरावर. विहीर साधीच, काळ्या दगडाने बांधलेली, एका अंगाला मोटेची धाव आणि थारोळं. भिंतीतल्या कपारींत पारवे, फटीतून उगवलेलं पिंपळाचं रोप, पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे. उन्हाळ्यात मामा पोरांना पाठीला वाळका भोपळा बांधून सरळ ढकलून द्यायचा. चार दिवसांत पोरगं भोपळ्यावाचून तरंगायला लागायचं. आम्ही मुली काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. मी एकदा आजीला विचारलं, मी कधी शिकायचं? ती म्हणाली, "बाईला विहिरीत कशाला उतरायचं असतं गं?" आणि पुढे काही बोलली नाही.

का बोलली नाही ते दोन वर्षांनी कळलं. शेजारच्या वाड्यातल्या काकू सकाळी विहिरीत सापडल्या. पाणी शेंदताना पाय घसरला, असं सगळे म्हणाले. पंचनाम्यातही तेच आलं असणार. रात्री कुणी पाणी शेंदत नाही, हे आम्हा पोरींनाही समजत होतं. विहीर उपसून काढली, नारळ फोडला, आणि महिन्याभराने पुन्हा तेच पाणी घरात आलं. त्या काकूंना कुणी पोहायला शिकवलं असतं तर काय झालं असतं, असा विचार मी पुष्कळ वर्षं केला. जीव द्यायला गेलेल्या माणसाचेही हातपाय ऐनवेळी चालतात म्हणतात, जर ते चालवता येत असतील तर.

मी पोहायला शिकले बावन्नाव्या वर्षी, महापालिकेच्या तलावात. बायकांची बॅच सकाळी साडेअकराची, म्हणजे कुठल्याही घरातल्या बाईला न जमणारी वेळ मुद्दाम हुडकून काढलेली.

लोणारला जाऊन आलेल्यांना सरोवराकाठची सासू-सुनेची विहीर ठाऊक असेल. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट. गोड बाजू कुणाची यावर आमच्याकडे दोन मतं होती आणि दोन्ही बायकांचीच. युकातानची सगळी जमीन म्हणजे अशीच एक विहीर निघाली. पावसाचं गोडं पाणी वर तरंगतं, खाली समुद्राचं खारं पाणी आत शिरलेलं असतं, कारण खारं जड. किनाऱ्याजवळच्या सेनोतेंमध्ये दोन्ही भेटतात तिथे पाणी तुपासारखं थरथरतं, समोरचं धूसर होतं, असं पाण्यात खोल जाणारे सांगतात. लोणार उल्केने पडलेला खड्डा, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद. इथे उत्तर किनाऱ्याला चिक्शुलुबजवळ 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पडलेल्या अशनीचा खड्डा 180 किलोमीटरच्या आसपास आहे. डायनोसॉर गेले ते त्याच घावाने. खड्डा आता गाडला गेलाय. वरून खूण उरली ती त्याच्या कडेने अर्धवर्तुळात उमटलेल्या सेनोतेंची. मी हे मोठ्या उत्साहाने सांगायला लागले तर लेक म्हणाली, "आई, वायादोलिद त्या वर्तुळाच्या बाहेर आहे. सगळं ओढून लोणारला नेऊ नकोस." बरोबर होतं तिचं. तरी मला बरं वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सामायिक व्हॅनमध्ये बसून चिचेन इत्सा या मायांच्या जुन्या शहराचे अवशेष बघायला गेलो. लवकर गेलं तर गर्दी कमी असते असं सगळे सांगतात, म्हणून सगळेच लवकर येतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना विक्रेते, त्यांच्या हातात जग्वारच्या डरकाळीसारखी वाजणारी लाकडी शिट्टी. एल कास्तिल्यो हा पायऱ्यांचा मनोरा फोटोत जसा दिसतो तसाच आहे. चार बाजूंना 91-91 पायऱ्या, वरचा ओटा धरून 365. चढायला आता बंदी आहे. लोक समोर उभं राहून टाळ्या वाजवतात आणि दगडातून केत्साल पक्ष्याच्या ओरडण्यासारखा चिर्र आवाज परत येतो. मीही वाजवली. या सगळ्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की माझी भर नको. मला ओढ होती ती दुसरीकडची. चिचेन इत्सा या नावाचाच अर्थ आहे इत्सांच्या विहिरीच्या तोंडाशी. चि म्हणजे तोंड, चेन म्हणजे विहीर. आपणही विहिरीला तोंडच म्हणतो. ज्याला तोंड असतं त्याला भूकही असते, हे त्या माणसांनी ओळखलं होतं.

मनोऱ्यापासून उत्तरेला जुनी पांढरी वाट जाते, झाडांतून, सुमारे 300 मीटर. तिच्या टोकाला पवित्र सेनोते. साठेक मीटर रुंद, जवळजवळ गोल, कडे उभे तासल्यासारखे, पाणी खूप खाली आणि वाटाण्याच्या आमटीच्या रंगाचं. इथे कुणी पोहत नाही. कधीच पोहत नसावं. चढून यायला वाटच नाही. एडवर्ड थॉम्पसन नावाच्या अमेरिकनाने 1894 मध्ये ही हासिएंदा, म्हणजे अवशेषांसकट जमीन, विकत घेतली आणि 1904 पासून यारी लावून विहिरीचा गाळ उपसला. सोनं, जेड, तांब्याच्या घंटा, कोपालचा धूप आणि माणसांची हाडं निघाली. बरंचसं हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेलं. काही पुढे परत आलं.

आमच्या पुढे एक वाटाड्या पर्यटकांना सांगत होता: कुमारिकांना नटवून, इथून खाली ढकलत. बाया ऐकून हळहळत होत्या, पुरुष फोटो काढत होते. ही गोष्ट शंभर वर्षं चाललीय. हाडं तपासणाऱ्यांनी कधीच सांगितलंय की त्यांत पुरुष आहेत, बायका आहेत आणि मुलं पुष्कळ आहेत. पण विहिरीत सुंदर तरुण मुलगी पडावी, असं ऐकणाऱ्यांना हवंच असतं. आमच्याकडे निदान पाय तरी घसरायचा.

या सेनोतेजवळच 1967 मध्ये एक चुलतून, म्हणजे जमिनीतली पाण्याची टाकी, सापडली. तिच्यात शंभराहून अधिक मुलांचे अवशेष होते. त्यांतल्या 64 जणांचा जनुकीय अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. चौसष्टच्या चौसष्ट मुलगे. बहुतेकांची वयं तीन ते सहा वर्षं. पुष्कळ जण एकमेकांच्या नात्यातले, दोन जोड्या तर एकसारख्या जुळ्यांच्या. आणि त्यांचं रक्त जवळच्या गावात आज राहणाऱ्या माया लोकांशी जुळतं. चौसष्ट. आजी विसांत मोजायची: तीन विसा आणि चार. मायाही विसांतच मोजत. त्यांच्या आकड्यात हे लिहायचं तर वर तीन ठिपके, खाली चार ठिपके. इतकंच.

तिथल्या झाडाखाली बसून मी लेकीला शिळासप्तमीची कहाणी सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती, चूक माझीच. राजाने गाव वसवलं, तळं बांधलं, पण तळ्याला पाणी लागेना. जलदेवतांनी बळी मागितला, सुनेचा थोरला मुलगा. सून माहेरी गेली असताना राजाने पाळण्यात घालून पोराला तळ्यात ठेवलं, आणि तळं भरलं. सुनेला हे सांगायला कुणी गेलं नाही. सप्तमीला ती तळ्याच्या काठी आली, काकडीच्या पानावर दहीभाताचं वाण दिलं, जलदेवतांची प्रार्थना केली. पाण्यात उभी असताना तिचे पाय कुणीतरी ओढायला लागलं. खाली पाहिलं तर तिचं मूल.

लेक म्हणाली, "म्हणजे तुमच्या गोष्टीत मूल परत येतं."

"गोष्टीत येतं."

"पण मागितला मुलगाच?"

"मुलगाच. मोलाचं तेच मागतात."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि बायका विहिरीत पडल्या त्या न मागताच." मला तिच्यासमोर त्या काकूंचं कधी बोलल्याचं आठवत नव्हतं. बोलले असेन.

जेवायला गावात परतलो. ताटातल्या सगळ्याला शेंदरीच्या बियांचं लाल वाटण चोपडलेलं होतं. बाजारात मी चिक्कू घेतले. इथे हे फळ चिकोसापोते. चिक्कू हे इथलंच झाड, त्याच्या चिकापासून च्युइंगगम झालं, आणि माया देवळांच्या दारांवरच्या तुळया त्याच्याच लाकडाच्या. एवढ्या शतकांनंतरही काही टिकून आहेत. विकणाऱ्या बाईच्या पांढऱ्या ह्विपिलवर, म्हणजे झग्यावर, भरतकामाची फुलं होती. मी खुणेने सांगितलं की चिक्कू आमच्याकडेही असतात, डहाणूला, घोलवडला. तिला काही कळलं नाही. तिने एक जास्तीचा दिला. मी शिकून ठेवलेलं दिओस बोतिक म्हटलं, तेव्हा ती खळखळून हसली. माझा उच्चार तसाच असणार. शब्दाचा अर्थ देव तुझं देणं फेडो. त्यातला दिओस स्पॅनिश, फेडणं माया. चिक्कू मात्र आपल्याकडे जास्त गोड असतात. हे मी जाहीरपणे लिहायला तयार आहे.

शेवटच्या दिवशी द्झित्नुप गावाला गेलो, सात किलोमीटरवर. तिथे शेजारी शेजारी दोन सेनोते. आम्ही सामुलाला उतरलो. आधी सगळ्यांनी शॉवरखाली अंग धुवायचं, अंगाची क्रीम पाण्यात उतरू नये म्हणून. मला ते पटलं; देवळात पाय धुऊन जावं तसं. मग तारण-जाकीट अंगावर चढवणं सक्तीचं. मी म्हटलं मला पोहता येतं. राखणदाराने मान हलवली आणि पट्टा माझ्या पाठीला आवळला. तेव्हा मला हसू आलं. मामाने पाठीला भोपळा बांधला नाही, या माणसाने बांधला.

पायऱ्या अंधारात उतरतात. आत घुमट आहे, मारुतीच्या देवळाएवढा नाही, चांगला तालमीएवढा, आणि त्याच्या माथ्याला एकच गोल भोक. त्यातून उन्हाचा खांब सरळ पाण्यात रोवलेला. भोकाच्या काठावर वर एक झाड आहे, वडा-पिंपळाच्या जातीतलं, आणि त्याची मुळं छतातून उतरून थेट पाण्याला टेकलेली. पंधरा-वीस माणसं खोल. एवढी लांब पारंबी मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमच्या विहिरीतल्या पिंपळाच्या रोपाला दरवर्षी कोयता लागायचा. राहू दिलं असतं तर एवढं झालं असतं का, कोण जाणे. आता ती विहीरच नाही. बुजवून वर सभामंडप केलाय, पावती पुस्तक छापून.

कपारीतून एक पक्षी झुपकन निघाला. हिरवानिळा, आणि शेपटीची दोन पिसं उघड्या काडीसारखी, टोकाला फक्त पात्याएवढा झुबका. इथे त्याला तोह म्हणतात. सेनोतेच्या भिंतींत घरटं करतो, आणि बसला की शेपटी घड्याळाच्या लंबकासारखी हलवतो. तो बसला, हलवायला लागला. जंगलात हा पक्षी दिसला की जवळ पाणी आहे असं तहानलेल्याने समजावं, असं राखणदार म्हणाला. निदान त्याच्या हातवाऱ्यांवरून मला तसं वाटलं.

मी शिडीवरून पाण्यात उतरले. गार होतं, पण विहिरीच्या पाण्यासारखं मऊ. उन्हाच्या खांबापर्यंत हात मारत गेले आणि थांबले. तिथे पाणी काचेसारखं होतं, माझे पाय मला दिसत होते, आणि पायांच्या खाली निळं, आणि निळ्याखाली काहीच नाही. तेवढ्यात अंगठ्याला काहीतरी लागलं. मग टाचेला. बोटभर मासे, दहा-बारा, पायाची कातडी टोचत होते, ओढत होते. बाकीच्या बाया किंचाळून पाय वर घेत होत्या.

मी घेतले नाहीत. पाय सैल सोडून तशीच उभी राहिले, पाण्यात उभं राहता येतं तेवढी.

वरून शिट्टी वाजली. आमच्या गटाची वेळ संपली होती. लेक पायरीवरून हाका मारत होती, "आई, चल गं, तुझा टॉवेल आणलाय!" मी हात वर करून ऐकल्याचं सांगितलं, आणि मुळांना वळसा घालून आणखी एक फेरी मारायला निघाले.